अपडेट उतरलं, पण लागलं का? घरच्या कॉम्प्युटरसाठी पायरीपायरीने

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या खजिनदार काकांनी मला प्रिंटर बघायला बोलावलं होतं. काम दहा मिनिटांत झालं. निघता निघता सहज विंडोज अपडेटचं पान उघडलं, तर वरच एक ओळ दिसली : 'सम सेटिंग्ज आर मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन'. यातल्या काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते, असा त्याचा अर्थ. काका म्हणाले, "कसली संस्था? घरचा कॉम्प्युटर आहे हा. मला रिटायर होऊन नऊ वर्षं झाली." शेवटचं अपडेट कधी लागलं ते पाहिलं. दोन वर्षांपूर्वी. मग त्यांना आठवलं, की तेव्हा कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला होता आणि दुकानातला मुलगा म्हणाला होता, "काका, अपडेटमुळे स्लो होतो, बंदच करून देतो."

त्या कॉम्प्युटरवर बहात्तर फ्लॅटचा मेंटेनन्सचा हिशोब होता, काकांचं नेटबँकिंग होतं आणि नातीच्या बारशाचे फोटो होते. त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्याने जे केलं ते अनेक घरांत झालेलं मी पाहिलंय, आणि दर वेळी पोटात गोळा येतो. हा लेख काकांसारख्यांसाठी आहे. कॉम्प्युटर वापरता येतो, पण अपडेटच्या वाटेला कधी गेलेले नाहीत, त्यांच्यासाठी. बहुतेक घरांत विंडोज असतं म्हणून तेच धरून चाललोय. मॅक आणि लिनक्सचं पुढे थोडक्यात येईल.

आधी हे समजून घ्या

विंडोज म्हणजे कोट्यवधी ओळींचं लिखाण आहे. त्यात चुका राहतात. त्यांतल्या काही चुका अशा असतात, की त्यांतून परका माणूस आत शिरू शकतो. कंपनीला चूक कळली, की ती दुरुस्ती पाठवते. सिक्युरिटी अपडेट म्हणतात ते हेच.

यातली एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. दुरुस्ती बाहेर पडली, की भोक कुठे होतं ते चोरांनाही कळतं. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी शेजारी ठेवायची आणि काय बदललं ते बघायचं. समजा, सोसायटीच्या नोटीस बोर्डावर कागद लागला, 'मागच्या दाराची कडी बाहेरून उघडते असं लक्षात आलं आहे, नवी कडी ऑफिसातून फुकट घेऊन जावी.' कागद लागेपर्यंत ही गोष्ट दोन-चार जणांनाच माहीत होती. लागल्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना झाली. त्यानंतरही जुनीच कडी ठेवणारं घर आदल्या दिवशीपेक्षा जास्त उघडं असतं.

हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजमधल्या एका मोठ्या भोकाची दुरुस्ती पाठवली. त्यानंतर ५९ दिवसांनी, १२ मे रोजी, 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम त्याच भोकातून जगभर पसरला. दीडशेच्या आसपास देश आणि दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर. फाइल्स कुलूपबंद व्हायच्या आणि पडद्यावर ३०० डॉलरची मागणी यायची. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. कुणी लिंक दाबली, कुणी अटॅचमेंट उघडलं, असंही लागत नव्हतं. दुरुस्ती न लागलेला कॉम्प्युटर नेटवर्कवर चालू असला, की पुरे. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' आला. त्याने पसरायला ज्या वाटा वापरल्या त्यांतली एक हीच होती, आणि तेव्हा आपल्या नवी मुंबईतल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम अडकून पडलं.

म्हणून अपडेट आलेलं दिसल्यावर भिजत घोंगडं ठेवू नका. ते आलं त्या दिवसापासून घड्याळ चालू झालेलं असतं.

पायरी पहिली : तुमच्याकडे कोणतं विंडोज आहे

कीबोर्डवर खिडकीचं चिन्ह असलेलं बटण दाबून ठेवा आणि आर दाबा. छोटी चौकट उघडेल. त्यात इंग्रजीत 'विनव्हर' (winver) टाइप करून एंटर करा. विंडोज १० आहे की ११ आणि त्यातली आवृत्ती कोणती, हे समोर येईल. कागदावर लिहून घ्या.

विंडोज ७ असेल तर त्याच्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या. ८.१ च्या १० जानेवारी २०२३ रोजी. या दोन्हींवर नेटबँकिंग करू नका, आजपासूनच.

विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने एक वाढीव योजना दिली, तिच्यात नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. विंडोज अपडेटच्या पानावरच 'एन्रोल नाऊ' असा दुवा दिसतो. कॉम्प्युटरच्या सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवायला होकार दिला, तर पैसे पडत नाहीत. दुकानात याचे पैसे मागितले तर आधी स्वतः ते पान उघडून बघा.

विंडोज ११ असलेल्यांनी निर्धास्त होऊ नये. त्याच्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीला घरगुती कॉम्प्युटरवर साधारण दोन वर्षांचं आयुष्य असतं. २३एच२ ही आवृत्ती ११ नोव्हेंबर २०२५ ला संपली, २४एच२ ची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. पुढची आवृत्ती फुकटच येते, आपल्याला फक्त 'डाउनलोड अँड इन्स्टॉल' म्हणावं लागतं.

पायरी दुसरी : सुरुवात करण्याआधी चार गोष्टी

पहिली गोष्ट म्हणजे फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि काम झाल्यावर ती डिस्क काढून ठेवा. कायम जोडून ठेवलेली डिस्क खंडणीखोर प्रोग्रॅमच्या हातात कॉम्प्युटरबरोबरच जाते. कपाटात ठेवलेली जात नाही.

दुसरी गोष्ट लाइटची. लॅपटॉप असेल तर चार्जर लावा. डेस्कटॉप असेल आणि तुमच्याकडे लाइट जात असेल, तर यूपीएसचा भरवसा आहे का ते बघा. पावसाळ्यात संध्याकाळी ढग गडगडत असताना मोठं अपडेट सुरू करू नका, सकाळी करा. अपडेट लागत असताना लाइट गेलीच, तरी घाबरायचं कारण नाही. बहुतेक वेळा विंडोज स्वतःच आधीच्या जागी परत येतं. तेव्हा पडद्यावर 'अनडूइंग चेंजेस' असं येतं. अशा वेळी त्याला शांतपणे पुरं करू द्या.

तिसरी जागेची. 'धिस पीसी' उघडा आणि सी ड्राइव्हची पट्टी लाल तर नाही ना, ते बघा. महिन्याच्या अपडेटला थोडी जागा पुरते, पण वार्षिक आवृत्तीला वीसेक जीबी मोकळी असलेली बरी. १२८ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर अपडेट अडकण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच असतं. डाउनलोड्स फोल्डर उघडून बघा. लग्नाचे व्हिडिओ तिथे दोन-दोनदा पडलेले सापडतात.

चौथी गोष्ट तारखेची. उजव्या कोपऱ्यातली तारीख आणि वर्ष नीट वाचा. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवर नाण्याएवढा चपटा सेल असतो. तो उतरला, की कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालत नाही आणि चालू केल्यावर भलतंच वर्ष दिसतं. वर्ष चुकीचं असेल तर सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत आणि अपडेटही नाकारलं जातं. माझ्या आत्याच्या कॉम्प्युटरवर आम्ही दोन रविवार अपडेटशी झगडलो. तिसऱ्या रविवारी तिनेच विचारलं, "अरे, इथे २०१५ का दाखवतंय?" एक नवा सेल घातला आणि सगळं सुरळीत झालं.

पायरी तिसरी : अपडेट शोधा

स्टार्ट, मग सेटिंग्ज. विंडोज ११ मध्ये डाव्या यादीत सगळ्यात खाली 'विंडोज अपडेट' आहे. विंडोज १० मध्ये आधी 'अपडेट अँड सिक्युरिटी' उघडावं लागतं. 'चेक फॉर अपडेट्स' दाबा आणि थांबा.

यादीत निरनिराळी नावं येतील. ज्यात 'क्युम्युलेटिव्ह' किंवा नुसतं 'सिक्युरिटी अपडेट' असं लिहिलेलं आहे ते महिन्याचं मुख्य अपडेट. क्युम्युलेटिव्ह म्हणजे साठत आलेलं. या महिन्याच्या अपडेटात त्या आवृत्तीच्या मागच्या सगळ्या महिन्यांच्या दुरुस्त्या असतात. तेव्हा सहा महिने राहून गेले असतील तर सहा अपडेटं एकामागून एक लावावी लागणार, ही भीती काढून टाका. ज्यात 'डिफेंडर' आणि 'सिक्युरिटी इंटेलिजन्स' आहे ती व्हायरस ओळखण्याची ताजी यादी. ती दिवसातून अनेकदा येते आणि रीस्टार्ट मागत नाही. नुसती हीच रोज लागताना बघून पुष्कळ जणांना वाटतं, की आपला कॉम्प्युटर अपडेट आहे. तसं नसतं. मुख्य अपडेटची तारीख 'अपडेट हिस्टरी'मध्ये जाऊन बघा.

'ऑप्शनल अपडेट्स'मध्ये बहुतेक ड्रायव्हर असतात, म्हणजे प्रिंटरसारखी उपकरणं चालवणारे छोटे प्रोग्रॅम. प्रिंटर, आवाज, वायफाय सगळं नीट चालत असेल, तर तिथे नवख्याने हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये एक स्विच जरूर चालू करा : 'रिसीव्ह अपडेट्स फॉर अदर मायक्रोसॉफ्ट प्रॉडक्ट्स'. त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या बाकीच्या प्रोग्रॅम्सच्या दुरुस्त्याही याच वाटेने येतात.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट घेत असाल, तर वायफायच्या सेटिंगमध्ये ते कनेक्शन 'मीटर्ड' करून ठेवा, म्हणजे दिवसभराचा डेटा अपडेट खाणार नाही. पण मग अपडेट आपणहून उतरत नाही, हे ध्यानात ठेवून आठवड्यातून एकदा वायफाय असलेल्या ठिकाणी हाताने उतरवा. घरात दोन कॉम्प्युटर असतील तर 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन'मध्ये 'लोकल नेटवर्क'चा पर्याय निवडा. एकाने उतरवलेलं दुसरा घरातल्या घरात घेतो.

पायरी चौथी : रीस्टार्ट

सगळ्यात जास्त माणसं इथे अडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

अपडेट उतरलं, पट्टी १०० टक्क्यांवर गेली, खाली 'रीस्टार्ट रिक्वायर्ड' आलं. माणूस म्हणतो, रात्री बंद करतोच आहे की. रात्री नुसतं 'शट डाउन' करतो. सकाळी चालू करतो. अपडेट तिथेच.

कारण असं, की चालू असलेल्या फाइल्स चालू असताना बदलता येत नाहीत. गाडी पळत असताना चाक बदलता येत नाही, तसंच हे. आणि विंडोज ८ पासून बहुतेक कॉम्प्युटरवर 'फास्ट स्टार्टअप' चालू असतं, त्यात साधं शट डाउन पूर्ण शट डाउन नसतंच. सकाळी लवकर उठता यावं म्हणून विंडोज आपला गाभा डिस्कवर तसाच ठेवून झोपतं. लॅपटॉपचं झाकण लावून ठेवणाऱ्यांचं तर कित्येक आठवडे रीस्टार्ट होत नाही. पॉवरच्या बटणावर 'अपडेट अँड रीस्टार्ट' किंवा 'अपडेट अँड शट डाउन' असे पर्याय दिसत असतील, तर त्यांतलाच एक निवडायचा. काहीच दिसत नसेल तर 'रीस्टार्ट'. साधं शट डाउन यात मोजायचं नाही.

सगळी कामं सेव्ह करा, प्रोग्रॅम बंद करा आणि रीस्टार्ट द्या. पाच मिनिटं लागतील, जुन्या डिस्कवर अर्धा तासही. टक्केवारी ३० वर थांबली की मन चुळबुळतं. बटण दाबून बंद करू नका. डब्यावरचा हार्ड डिस्कचा छोटा दिवा लुकलुकत असेल तर काम चालू आहे असं समजा. दोन तास झाले आणि दिवाही निपचित असेल, तरच पुढचा विचार करा.

परत आल्यावर पुन्हा एकदा 'चेक फॉर अपडेट्स' दाबा. काही अपडेटं आधीचं लागल्यावरच पुढे येतात. 'यू आर अप टू डेट' दिसेपर्यंत हे करायचं. काकांच्या कॉम्प्युटरला त्या दिवशी तीन रीस्टार्ट लागले. दोन चहा झाले.

भलत्या वेळी रीस्टार्ट होईल ही भीती असेल, तर 'ॲक्टिव्ह अवर्स' लावा. कामाच्या वेळा सांगा, जास्तीत जास्त १८ तास, त्या वेळात विंडोज आपणहून रीस्टार्ट घेत नाही. मुलाची ऑनलाइन परीक्षा असेल तर 'पॉज' करून एक आठवडा थांबवता येतं. माझं सांगणं इतकंच, की पॉज करताना परीक्षेनंतरचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

मुख्य अपडेट कधी येतं तेही ठरलेलं आहे. २००३ पासून मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या सोडते. अमेरिकेतली ती सकाळ असते, म्हणजे आपल्याकडे मंगळवारची रात्र, उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा. म्हणून दुसऱ्या मंगळवारच्या पुढचा बुधवार हा आमच्या घरी अपडेटचा दिवस.

बंदच करून ठेवलं असेल तर

काकांकडे दिसली ती ओळ घरच्या कॉम्प्युटरवर दिसली, तर कुणीतरी मुद्दाम हात घातला आहे. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर मात्र ती असणारच, तिथे काही करू नका.

स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' टाइप करून तो प्रोग्रॅम उघडा. लांबलचक यादी येईल. डब्ल्यूच्या खाली 'विंडोज अपडेट' सापडेल. त्यावर दोनदा क्लिक करा. 'स्टार्टअप टाइप' समोर 'डिसेबल्ड' असेल तर 'मॅन्युअल' करा, 'अप्लाय' दाबा, मग 'स्टार्ट'. बऱ्याच ठिकाणी एवढ्यानेच काम होतं.

पुन्हा पुन्हा डिसेबल्ड होत असेल, तर बहुधा विंडोजची ती प्रतच कुणीतरी उघडून फेरफार केलेली आहे. 'ॲक्टिव्हेट करून देतो' म्हणत जे छोटे प्रोग्रॅम चालवले जातात, ते चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. कुणी काय आत ठेवून गेलं हे त्यानंतर कळायला मार्ग राहत नाही. अशा कॉम्प्युटरवर डेटा बाहेर काढून, मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचं 'मीडिया क्रिएशन टूल' वापरून नव्याने विंडोज घालणं हाच सरळ उपाय. ब्रँडेड लॅपटॉप असेल तर विंडोजचा परवाना बहुधा त्याच्यासोबतच आलेला असतो, नव्याने पैसे मोजावे लागत नाहीत. नवा कॉम्प्युटर जुळवून घेताना दुकानदाराला पहिल्यांदाच सांगा, "विंडोज ओरिजिनल घाला, बिलावर लिहा, आणि अपडेट चालू ठेवा."

पायरी पाचवी : ब्राउझर आणि बाकीचे प्रोग्रॅम

घरचा कॉम्प्युटर बाहेरच्या जगाला सगळ्यात जास्त भेटतो तो ब्राउझरमधून. क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, 'हेल्प', मग 'अबाउट गूगल क्रोम'. ते पान उघडताच तपासणी सुरू होते. शेवटी 'रीलाँच' येतं, ते दाबायचंच. इथेही तोच मुद्दा आहे : उतरलेलं अपडेट ब्राउझर बंद करून उघडेपर्यंत लागत नाही, आणि चाळीस टॅब उघडे ठेवणारी माणसं तो कधी बंद करत नाहीत. टॅब जात नाहीत, परत येतात. कोपऱ्यातली खूण आधी हिरवी, चार दिवसांनी नारिंगी आणि आठवड्यानंतर लाल होते. एजमध्येही असंच 'हेल्प'मध्ये आहे, फायरफॉक्समध्ये 'अबाउट फायरफॉक्स'.

मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेल्या ॲपसाठी स्टोअर उघडून 'लायब्ररी', मग 'गेट अपडेट्स'.

उरलेल्यांत विनरार हे नाव विशेष सांगण्यासारखं. अनेक फाइल्सचं एकच गाठोडं बांधणारा आणि सोडणारा हा प्रोग्रॅम. आपल्याकडे जवळपास प्रत्येक कॉम्प्युटरवर ते असतं, आणि ते स्वतःला अपडेट करत नाही. २०२३ मध्ये त्यात असं भोक सापडलं, की अशा गाठोड्यातली साधी दिसणारी फाइल उघडली तरी चोराचा प्रोग्रॅम चालू व्हायचा. दुरुस्ती ६.२३ या आवृत्तीत आली. २०२५ मध्ये पुन्हा एक मोठं भोक, त्याची दुरुस्ती ७.१३ मध्ये. विनरार उघडून 'हेल्प'मधून 'अबाउट' बघा. ७.१३ पेक्षा जुनी आवृत्ती दिसली, तर एक तर त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून नवं घ्या नाही तर सरळ काढून टाका. झिप फाइल उघडायला विंडोज स्वतः समर्थ आहे.

'इन्स्टॉल्ड ॲप्स'ची यादी एकदा वरून खाली वाचा. वर्षभरात न उघडलेलं काढून टाका. फ्लॅश प्लेयर असेल तर ताबडतोब, कारण ते ३१ डिसेंबर २०२० लाच बंद झालं. काढून टाकलेल्या प्रोग्रॅमला अपडेट लागत नाही, याहून सोपी सुरक्षा नाही.

वायफायचा राउटरही एक छोटा कॉम्प्युटरच आहे. नेट कंपनीने दिलेला असेल तर बहुतेक वेळा तीच त्याचं अपडेट पाठवते. स्वतः विकत घेतला असेल तर त्याच्या मागच्या लेबलवर पत्ता आणि पासवर्ड असतो, तो ब्राउझरमध्ये टाकून 'फर्मवेअर अपग्रेड' शोधा, फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतला प्रोग्रॅम. त्याच वेळी लेबलवरचा पासवर्ड बदलून टाका.

बायोसचं अपडेट आणि ४८ आकडे

लॅपटॉप कंपनीचं ॲप कधीकधी बायोसचं अपडेट सुचवतं. बायोस म्हणजे कॉम्प्युटर चालू करताना विंडोजच्या आधी जागा होणारा प्रोग्रॅम. लावायला हरकत नाही, पण त्याआधी एक काम करा. विंडोज ११ च्या पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद असते आणि मालकाला ते माहीतही नसतं. बायोस बदलला, की कधीकधी चालू होताना निळा पडदा येतो आणि ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर डिस्कवरचं काहीही परत मिळत नाही. कुठलाच दुकानदार ते काढून देऊ शकत नाही.

ही की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात, त्या कॉम्प्युटरच्या नावाखाली साठवलेली असते. फोनवरून खात्यात शिरून ती शोधा आणि कागदावर लिहा. काकांनी ती सुवाच्य अक्षरात, सहा-सहाचे आठ गट करून लिहिली आणि घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवली. आजच करण्यासारखं एकच काम निवडायचं असेल तर मी हे निवडेन.

खोटं अपडेट ओळखा

अपडेट करा असं इतके वेळा सांगितल्याचा फायदा चोरही घेतात. एखादं संकेतस्थळ वाचता वाचता मध्येच 'तुमचा क्रोम जुना झाला आहे, इथे दाबा' असं येतं. कधी भोंगा वाजतो आणि फोन नंबर दिसतो. कधी व्हॉट्सॲपवर फाइल येते.

नियम एकच : जिथे निरोप आला तिथे दाबायचं नाही. तो बंद करायचा आणि आपण स्वतः सेटिंग्जमध्ये किंवा 'अबाउट'मध्ये जाऊन बघायचं. खरं असेल तर तिथे दिसेलच.

हल्ली तर हुबेहूब विंडोज अपडेटसारखा निळा पडदा ब्राउझरमध्ये पूर्ण स्क्रीनवर दाखवतात. टक्केवारी फिरते आणि मग सूचना येते : खिडकीचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. त्या पानाने चोराचा आदेश आधीच कॉपी करून ठेवलेला असतो, आणि आपण तो आपल्याच हाताने चालवतो. खरं अपडेट चालू असताना तुम्हाला काहीही टाइप करायला सांगत नाही, कधीच नाही. असं दिसलं तर एस्केप दाबा, नाही तर ऑल्ट आणि एफ४. बंद झालं, म्हणजे ते नुसतं वेबपान होतं.

कुणी फोन करून "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, अपडेट करून देतो" म्हणालं तर फोन ठेवा. मायक्रोसॉफ्ट असे फोन करत नाही.

अपडेटनेच बिघडलं तर

हे होतं, नाकारण्यात अर्थ नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरचे सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पडले, आणि आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये वापरतात, घरी नसतं. पण घरीही कधी प्रिंटर रुसतो, कधी आवाज जातो.

'अपडेट हिस्टरी'च्या तळाशी 'अनइन्स्टॉल अपडेट्स' आहे. तारीख बघून शेवटचं काढा, आठवडाभर पॉज करा, मग पुन्हा लावून बघा. तोवर बहुधा सुधारलेलं आलेलं असतं. वार्षिक आवृत्ती बदलल्यावर बिनसलं तर 'रिकव्हरी'मध्ये 'गो बॅक' असतं, तेही फक्त दहा दिवस. एका अपडेटने त्रास दिला म्हणून सगळीच कायमची बंद करणं, हे मात्र करू नका.

मॅक, लिनक्स आणि जुनी मशीन

मॅकवर 'सिस्टिम सेटिंग्ज', 'जनरल', 'सॉफ्टवेअर अपडेट'. तिथल्या आपोआप अपडेटच्या सगळ्या खुणा चालू ठेवा.

विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे चांगले चालणारे कॉम्प्युटर मागे पडले आहेत. नेट, पत्रव्यवहार, व्हिडिओ एवढंच काम असेल तर त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घालून बघा. फुकट आहे, मराठी टायपिंग होतं, आणि खाली कोपऱ्यातल्या ढालीच्या चिन्हावर दाबलं की एकाच जागी सगळ्या प्रोग्रॅमची अपडेटं मिळतात.

प्रेसवाले आणि डीटीपी करणारे यांचा प्रश्न वेगळा आहे. पानं जुळवायचा पेजमेकर, मराठी फाँटचा जुना श्रीलिपी, त्याचा डोंगल (परवान्यासाठी कॉम्प्युटरला लावायची छोटी किल्ली) आणि वीस वर्षांच्या लग्नपत्रिकांच्या फाइल्स. हे सगळं विंडोज ७ वरच नीट चालतं, आणि पोट त्यावर आहे. त्यांना मी मशीन बदला असं म्हणत नाही. त्या मशीनची नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. मेल आणि व्हॉट्सॲपसाठी दुसरा अपडेट असलेला कॉम्प्युटर ठेवा. फाइल आणताना पेन ड्राइव्ह आधी त्या दुसऱ्यावर अँटिव्हायरसने तपासा, मगच जुन्यात लावा.

उशीर झालाच असेल तर

फाइल्सची नावं विचित्र झाली, उघडेनात, आणि पैसे मागणारा निरोप दिसला, तर पहिल्यांदा नेटची वायर काढा किंवा राउटर बंद करा. बॅकअपची डिस्क त्याला लावू नका. पैसे भरू नका, भरून फाइल्स मिळतीलच असं नाही. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून 'नो मोअर रॅन्सम' हे संकेतस्थळ बघा. युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था) आणि इतरांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या या ठिकाणी काही खंडणीखोर प्रोग्रॅमच्या किल्ल्या फुकट मिळतात. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रावरही सफाईची साधनं आहेत. बँकेतून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, आणि बँकेलाही कळवा. कुलूपबंद झालेली डिस्क फॉरमॅट करण्याआधी तिची प्रत ठेवा. आज नसलेली किल्ली पुढच्या वर्षी सापडल्याची उदाहरणं आहेत.